कासवाचं गाव कुठलं?

अमेरिकेत बॉक्स टर्टल पाळणाऱ्यांमध्ये एक वाद कधीच संपत नाही : कुठल्या मुलखातलं कासव पाळायला चांगलं? पूर्वेकडचं, तीन बोटांचं, आखाताकाठचं, फ्लोरिडाचं की गवताळ मैदानातलं? ऐकणाऱ्याला हा निव्वळ आवडीनिवडीचा मामला वाटतो. पुढच्या संवादातल्या दोघांना तसं वाटत नाही, पण दोघांची कारणं वेगळी आहेत. दोघंही तिकडे स्थायिक झालेली मराठी माणसं. गृहस्थ वर्षानुवर्षं ही कासवं सांभाळतात. बाईंना कासवं आवडतात, ती पाळणं आवडत नाही. गृहस्थांना हौशी म्हणू आणि बाईंना शंकेखोर.

हौशी : कुणी माझ्याकडे विचारायला आलं, की माझा पहिला प्रश्न असतो, तुमच्याकडे जानेवारीत थंडी किती पडते? रंगाचं नंतर बघू. बॉक्स टर्टल हे एकच नाव आपण निरनिराळ्या मुलखांतल्या कासवांना लावतो. समान गोष्ट म्हणाल तर पोटाकडच्या ढालीला असलेली आडवी बिजागरी. धोका वाटला की ढालीचे पुढचे-मागचे भाग वर उचलले जातात आणि पाठीच्या कवचाला असे चिकटतात, की गवताची काडीसुद्धा आत जाणार नाही. बाकी पुष्कळ काही बदलतं. पूर्वेकडचं कासव पानगळीच्या रानातलं. मागच्या पायाला सहसा चार बोटं, आणि काळ्या-तपकिरी पाठीवर पिवळ्या-केशरी रेघाठिपक्यांची अशी उधळण, की दोन कासवं एकसारखी सापडायची नाहीत. नराचे डोळे बहुधा लालभडक, मादीचे तपकिरी. मिसुरी, आर्कान्सा, ओक्लाहोमा, पूर्व टेक्सास इकडचं तीन बोटांचं कासव त्याच्यापुढे साधंसुधं. पाठ शेवाळी नाहीतर भुरकट. पण वयात आलेल्या नराचं डोकं पाहा, लाल आणि पांढऱ्या डागांनी रंगलेलं असतं. फ्लोरिडाच्या कासवाचा घुमट उंच, आणि काळ्या पाठीवर प्रत्येक खवल्यात पिवळे किरण फाकलेले. मेक्सिकोच्या आखाताकाठचं सगळ्यांत मोठं. एकवीस सेंटिमीटरपर्यंत जातं, काळपट असतं, कवचाची मागची कड बाहेर वळलेली. कॅन्सस-नेब्रास्काच्या मैदानातलं नक्षीदार कासव तर जातच वेगळी. ते चपटं आणि लहान असतं, पोटाच्या ढालीवरसुद्धा पिवळ्या रेघा. तिथल्या राज्यांनाही यांचं कौतुक आहे. नॉर्थ कॅरोलिनानं १९७९मध्ये पूर्वेकडच्या कासवाला राज्याचा सरपटणारा प्राणी म्हणून मान दिला, कॅन्ससनं १९८६मध्ये नक्षीदार कासवाला, मिसुरीनं २००७मध्ये तीन बोटांच्या कासवाला. एवढा फरक डोळ्यांना दिसत असताना सगळ्यांना एकाच नावानं हाक मारायची, हा आळस झाला.

शंकेखोर : वर्णन झकास केलंत. पण त्यात 'सहसा' आणि 'बहुधा' किती वेळा आलं? तीन बोटांच्या म्हणवणाऱ्यांत मागच्या पायाला चार बोटं असलेली निघतात आणि पूर्वेकडच्यांत तीन बोटांची. फ्लोरिडाच्या कासवालाही मागे बरेचदा तीनच. ज्या बोटांवरून नाव ठेवलं, त्या बोटांचीच साक्ष धड नाही. आणि हे मुलूख काही कुंपण घालून वेगळे केलेले नाहीत. फ्लोरिडाचा पश्चिमेकडचा चिंचोळा पट्टा, दक्षिण अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जियाचा काही भाग इथे तुमचे हे सगळे प्रकार एकमेकांत मिसळतात. तिथलं कासव हातात घेऊन तज्ज्ञही सांगू शकत नाही, की हे नेमकं कुठल्या खान्यात बसवायचं. खाने तरी कुणी आखले? लिनियसनं १७५८मध्ये या कासवाला शास्त्रीय नाव दिलं. १८५७मध्ये आगासीनं तीन बोटांचं आणि आखाताकाठचं वेगळं काढलं. फ्लोरिडाचं १८९५मध्ये वेगळं झालं. हे सगळं पाठीचा आकार, रंग आणि बोटं बघून. पुढे जनुकं तपासता यायला लागली आणि २०१३मध्ये काही संशोधकांनी सुचवलं, की तीन बोटांचं कासव पूर्वेकडच्याचा प्रकारच नव्हे, ते मेक्सिकोतल्या आणि युकातानच्या कासवांचं सख्खं भावंड आहे, तेव्हा त्या तिघांची वेगळी जात करा. सगळ्यांनी ते मानलेलं नाही. आखाताकाठच्याबद्दल तर वाद असा, की तो खरोखर स्वतंत्र प्रकार आहे की शेजारपाजारच्यांची सरमिसळ. ज्या नावांवर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, ती नावं हौशी मंडळी जाहिरातीत किमतीपुढे लावतात. मला त्या नावांची भीती वाटते, कारण विकणारा ती फार ठामपणे उच्चारतो.

हौशी : नावं डळमळीत आहेत, मान्य. मी नावांचा भक्त नाही. पण हिवाळा डळमळीत नाही. पेनसिल्व्हेनियातलं पूर्वेकडचं कासव थंडीत पाचोळ्याखाली, मातीत जेमतेम काही सेंटिमीटर खोल शिरतं आणि महिनोन्‌महिने निपचित पडून राहतं. वरची माती गोठली तर तेही थोडंफार गोठतं. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं, की शरीरातलं निम्म्याहून जास्त पाणी बर्फ झालेलं असतानाही हे कासव वाचतं. गोठून पुन्हा जिवंत होणाऱ्या प्राण्यांत एवढा मोठा प्राणी दुसरा माहीत नाही. मैदानातलं नक्षीदार कासव वेगळं वागतं. तिथली जमीन खोलवर गोठते, म्हणून ते त्या थराच्या खाली जायला बघतं, अर्धा-एक मीटर किंवा त्याहूनही खोल. दक्षिण फ्लोरिडातल्या कासवाला अशी लांबलचक झोप नकोच असते. उबदार दिवस आला की ते हिंडायला लागतं. आता तुम्ही ओहायोत राहता आणि दक्षिण फ्लोरिडातल्या आईबापांचं कासव परसातल्या वाड्यात ठेवता. ऑक्टोबरात शेजारच्याचं कासव मातीत शिरलं म्हणून तुमचंही शिरेल, या भरवशावर राहिलात तर फेब्रुवारीत काय मिळेल? रंगावरून हे कळायचं नाही. मुलखावरून कळतं.

पाण्याचंही तेच. आखाताकाठचं कासव दलदलीत, ओल्या झाडीत वाढलेलं, डबक्याच्या तळावरून चालत जातं. त्याला कोरडं ठेवलं की त्याची रया जाते. नक्षीदार कासवाला सतत ओलसर पाचोळ्यात ठेवलं तर उलटा त्रास. खाणंही बघा. कॅन्ससमधल्या नक्षीदार कासवांवर जॉन लेग्लरनं केलेला अभ्यास १९६०मध्ये प्रसिद्ध झाला. हे कासव मुख्यतः किड्यांवर जगतं, आणि कुरणात गुरांचं शेण उकरून त्यातले भुंगे खातं. पूर्वेकडच्याला मात्र गोगलगाई, गांडुळं, पडलेली फळं आणि आळंबी लागतात. माणूस खाऊन मरेल अशी आळंबीसुद्धा ते पचवतं. पावसाची सर येऊन गेली की माझ्या वाड्यात बघा. मान लांबवून गांडुळाकडे आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं निरखायचं, मग एकदम चोच मारायची. बाहेर लोंबणारं टोक पुढच्या पंजांनी आळीपाळीनं आत सारायचं. हे करताना जे कासव दिसतं तेच दिव्याखालच्या कोरड्या काचेच्या टाकीत, रोज लेट्यूसच्या पानावर ठेवलं की डोळे सुजतात, कानाच्या जागी गाठ येते. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की असं होतं, हे डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातलं. म्हणून मी मुलूख विचारतो.

गृहस्थांचा हा मुद्दा नाव आणि निगा यांना वेगळं करतो, हे ध्यानात घ्यायला हवं. नाव चुकलं तर कागद चुकतो. हवामान चुकलं तर जनावर जातं. बाईंनीही हे झटकन मान्य केलं, आणि नेमकी तिथूनच त्यांची पुढची हरकत निघाली.

शंकेखोर : म्हणजे तुम्हाला प्रकार नकोच आहे. तुम्हाला त्या एका कासवाच्या आजोळाचा पत्ता हवाय. आणि पाळीव कासवाकडे नेमका तोच नसतो. कुणीतरी सहलीला गेलं, रस्ता ओलांडणारं कासव गाडीत टाकून आणलं, मुलं मोठी झाल्यावर ते दुसऱ्याला दिलं, त्यानं तिसऱ्याला. तिसऱ्याच्या अंगणात आधीच एक वेगळ्या मुलखाची मादी. दोघांची पिल्लं झाली, पिल्लांत मागे तीन बोटं दिसली, जाहिरातीत 'तीन बोटांचं, शुद्ध' असं छापून आलं. आपल्या वाशीच्या बाजारात कर्नाटकचा आंबा देवगडची पेटी घालून बसतो ना, तसं. आंब्याला निदान चव घेऊन कुणी पकडू शकतं. इथे तर निसर्गच विकणाऱ्याच्या बाजूला आहे. मादी नराचं वीर्य साठवून ठेवते. एकदा समागम झाला की चार वर्षांपर्यंत फलित अंडी देऊ शकते, हे १९४०च्या दशकातच नोंदवलं गेलं आहे. तुम्ही आज मादी विकत घेतलीत, तिला तुमच्या खात्रीच्या नराबरोबर ठेवलंत आणि दोन वर्षांनी पिल्लं निघाली. बाप कोण, सांगा.

आणखी एक. या देशात १९७५पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाचं कासव पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. साल्मोनेला नावाच्या जिवाणूमुळे. मुलं ते इवलं पिल्लू तोंडात घालत आणि आजारी पडत. बॉक्स टर्टलला चार इंचांपर्यंत वाढायला कित्येक वर्षं लागतात. म्हणजे जो कुणी घरी पैदास करून कायद्यानं विकतो, त्यानं त्या कासवाला तेवढी वर्षं खाऊ-पिऊ घातलेलं असलं पाहिजे. आता मला सांगा, मोठं झालेलं, देखणं कासव कुणी स्वस्तात देत असेल आणि वर 'घरी जन्मलेलं' म्हणत असेल, तर ते खरंच घरी जन्मलं असण्याची शक्यता किती?

हौशी : थोडी. हे मी नवख्यांना रोज सांगतो. पण तुमचं म्हणणं उलटं करून बघा. मुलखाची चौकशीच केली नाही तर हा लबाड विकणारा कधी सापडणारच नाही. कुठल्या राज्यातल्या कुठल्या आईबापांपासून, कोणत्या साली, अंडी कोणत्या तापमानाला उबवली, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका, एवढं तरी गिऱ्हाईक शिकतं. तापमान का विचारायचं, तर या कासवांत नर-मादी ठरतं ते अंड्यातल्या उबेवर. साधारण २७ अंश सेल्सियसच्या खाली उबवली की बहुतेक नर, २८च्या वर बहुतेक माद्या. ज्यानं खरोखर पैदास केली आहे, त्याला हा आकडा तोंडपाठ असतो. ज्यानं रानातून उचललं, तो इकडेतिकडे बघायला लागतो.

आणि एक विसरू नका. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही कासवं इथून हजारोंनी युरोपात जात होती, रानातून पकडून. १९९५मध्ये वन्य प्राण्यांच्या परदेशी व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइट्स करारात त्यांचा समावेश झाला, त्यानंतर परदेशी विक्रीवर लगाम बसला. त्या काळात कासवाची मागणी पुरवायला रान हेच एक गोदाम होतं. आज जो शहाणा हौशी आहे, तो रानाला हात न लावता ती मागणी काही अंशी भागवतो. माझ्याकडची बहुतेक कासवं तर लोकांनी कंटाळून सोडलेली. चाळीस-पन्नास वर्षं जगणारा प्राणी पाचवीतल्या मुलाच्या वाढदिवसाला आणतात. मुलगा कॉलेजात गेला की कासव आईच्या गळ्यात.

शंकेखोर : आईच्या गळ्यातलं तुम्ही सोडवता, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. पण मागणी 'भागवता' म्हणालात, तिथे मला थांबवावंसं वाटतं. मागणीचं पोट भरून ती शांत होते, की आणखी भूक लागते? तुम्ही लोकांना शिकवलंत, की सगळी कासवं सारखी नसतात, अमक्या मुलखाचं डोकं पांढरं, तमक्याच्या पाठीवर किरण. ज्याला एक कासव हवं होतं त्याला आता पाच प्रकारांची पाच हवीत. २०२४च्या जूनमध्ये व्हर्माँटच्या वॉलेस तलावावर एका बाईला पकडलं. पलीकडे कॅनडा. तिच्या बॅगेत २९ पूर्वेकडची बॉक्स टर्टल, प्रत्येक वेगळ्या मोज्यात बांधलेलं, आणि हवा भरायची छोटी नाव तयार. सरकारी वकिलांनी सांगितलं, चीनच्या काळ्या बाजारात एकेकाला १,००० डॉलर मिळतात. ब्रुकलिनच्या एका माणसानं सुमारे ८५० कासवं हाँगकाँगला पार्सलांतून रवाना केली होती. पूर्वेकडची आणि तीन बोटांची. डब्यांवर लिहिलं होतं, प्लास्टिकची खेळण्यातली जनावरं. २०२५मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला. ही कासवं कशासाठी जातात? रंगासाठी. तुम्ही मघाशी ज्या उधळणीचं वर्णन केलंत, त्या उधळणीसाठी.

इथे हिशेबाचा एक भाग मध्येच सांगून टाकायला हवा, कारण दोघंही तो गृहीत धरून बोलताहेत. मेरीलँडमधल्या पटक्सेंट वन्यजीव संशोधन केंद्राच्या आवारात ल्युसिल स्टिकेल यांनी १९४४च्या सुमारास बॉक्स टर्टलच्या कवचाच्या कडेला खाचा पाडून त्यांची ओळख पटवायला सुरुवात केली. नंतर दर दहा वर्षांनी तीच जागा, तीच पद्धत. जगातल्या कासवांवरच्या सर्वांत दीर्घ अभ्यासांपैकी हा एक. त्यातून कळलं, की एक प्रौढ कासव उभा जन्म शंभर-सव्वाशे मीटरच्या घेरात काढतं. नराच्या घेराचा व्यास सरासरी ३३० फूट, मादीच्या घेराचा ३७०. तेच ओढ्याचं वळण, तीच पडलेली फांदी. मादी वयात यायला सात-आठ वर्षं तरी लागतात. एका वेळी चार-पाच अंडी, आणि त्यांतली बरीचशी रॅकून, स्कंक फस्त करतात. म्हणजे वस्ती टिकते ती प्रौढ कासवांच्या लांब आयुष्यावर. एक मादी उचलली तर पुढच्या कित्येक उन्हाळ्यांची अंडी तिच्याबरोबर गेली. कासव मोटारीखाली सापडलं काय किंवा मोज्यात बांधलं गेलं काय, वस्तीच्या दृष्टीनं दोन्हींत फरक नाही. हे सांगणं क्रूर वाटेल, पण गणित तेच आहे.

हौशी : पटक्सेंटचं उदाहरण तुमच्याइतकंच माझ्याही कामाचं आहे. ते आवार राखीव. तिथून कुणी विकायला कासवं नेत नव्हतं. तरी १९५५नंतर तिथली संख्या घटत घटत पार रोडावली. तेव्हा हौशी माणूस एकटाच खलनायक नव्हे. रस्ते आहेत, तुकडे पडलेलं रान आहे, माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर पोसलेली रॅकून आहेत. अशा वेळी ज्या कासवाला रान उरलं नाही ते कुणीतरी नीट सांभाळलं, त्याचा मुलूख नोंदवून ठेवला, तर उद्या त्याची पिल्लं त्याच मुलखात परत सोडता येतील. आपल्याकडचंच बघा. स्टार कासव, पाठीवर तारे असलेलं. मुंबई-पुण्यात लोक ते घरात लक्ष्मी येते म्हणून ठेवतात. कायद्यानं गुन्हा आहे तरी. त्याचेही मुलूख आहेत, गुजरात-राजस्थानकडचं मोठं आणि गडद, दक्षिणेतलं लहान आणि लखलखीत. तस्करांनी सिंगापूरला नेलेली स्टार कासवं तिथे जप्त झाली, तेव्हा हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी डीएनएवरून ती मूळ कुठली, हे शोधायचा प्रयत्न केला. २००६मध्ये ते प्रसिद्ध झालं. का शोधलं? दक्षिणेतलं कासव कच्छात सोडायचं नाही म्हणून. मुलखातला फरक निरर्थक असता तर ही खटपट कुणी केली असती?

शंकेखोर : ती खटपट शास्त्रज्ञांनी केली, आणि जप्त केलेल्या रानटी कासवांसाठी केली. तुमच्या परसातलं कासव परत सोडता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. एक तर बॉक्स टर्टलला अनोळखी रानात सोडलं की ते बरेचदा तिथे थांबत नाही. आपलं शंभर मीटरचं वर्तुळ शोधत चालायला लागतं, आणि रस्त्यावर मरतं. दुसरं, रोग. मेरीलँडमध्ये २००८ ते २०११च्या दरम्यान रानाव्हायरसनं बॉक्स टर्टल मेली. तो विषाणू बेडकांतही फिरतो. तुमच्या अंगणात पाच मुलखांची कासवं एकाच पाण्याच्या ताटातून पितात. त्यांतलं एक निरोगी दिसणारं कासव रानात सोडणं म्हणजे काय, हे कुठल्याही पशुवैद्याला विचारा. तेव्हा 'एक दिवस परत सोडू' ही आशा तुमच्या हौसेला लावलेलं गंध आहे. काढून टाका. मग उरतं काय? एक देखणा, दीर्घायुषी प्राणी, तुम्हाला आवडतो म्हणून तुमच्याजवळ. हे प्रामाणिकपणे बोललात तर मी जास्त ऐकेन.

या टप्प्यावर गृहस्थांनी आपला पवित्रा बदलला. परत सोडण्याची बाजू त्यांनी पुन्हा लावून धरली नाही.

हौशी : ठीक. मला आवडतं म्हणून आहे. आता प्रामाणिकपणे पुढे चला. मला आवडतं म्हणून ज्याची नोंद मी ठेवतो, ती नोंद कुणाच्या तरी कामाची आहे की नाही? भारतातही आता कायदा तेच मागतो. वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ची दुरुस्ती २०२३च्या एप्रिलपासून लागू झाली, आणि २०२४च्या नियमांप्रमाणे साइट्सच्या यादीतली परदेशी जनावरं सरकारकडे ऑनलाइन नोंदवावी लागतात. पुण्यात कुणाकडे बॉक्स टर्टल असलं तर तेही त्यात येतं. इकडे राज्यागणिक वेगळे नियम. फ्लोरिडात परवान्याशिवाय दोनपेक्षा जास्त बॉक्स टर्टल ठेवता येत नाहीत. कागदोपत्री नोंद होते ती 'बॉक्स टर्टल, एक' अशी. मी त्यापुढे लिहितो, आईबाप कुठल्या काउंटीतले, म्हणजे जिल्ह्यातले, किती खोल मातीत शिरलं, वसंतात कोणत्या आठवड्यात वर आलं, वजन किती घटलं. हे पोट भरलेल्या बाजाराला नको असेल, पण पशुवैद्याला हवं असतं. माझ्याकडे एक नक्षीदार कासव आलं होतं, कुणीतरी मांजराच्या डब्यातल्या खाण्यावर वाढवलेलं. इतकं लठ्ठ, की पुढून डोकं आत घेतलं की मागच्या बिजागरीतून पाय बाहेर यायचे. बंदच होता येत नव्हतं. ते मैदानातलं आहे हे कळलं, मग त्याचं खाणं आणि त्याची झोप, दोन्ही मार्गी लागलं. मुलूख माहीत नसता तर मी त्याला पूर्वेकडच्याच्या ओल्या पाचोळ्यात घातलं असतं.

शंकेखोर : ते नक्षीदार होतं हे चपट्या पाठीवरून आणि पोटावरच्या रेघांवरून कुणालाही कळलं असतं. ती वेगळी जात आहे. खरा कस लागतो तो पूर्वेकडच्या घोळक्यात, जिथे टेनेसीच्या डोंगरातलं आणि कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरचं कासव हातात सारखंच दिसतं. तिथे तुमची वही लागते, मान्य करते. पण तुमची ती वही मला सगळ्यांत जास्त घाबरवते. शास्त्रज्ञ आता दुर्मीळ प्राण्यांच्या नेमक्या जागा छापू नका म्हणायला लागले आहेत. २०१७मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तसा लेख आला होता. नवी पाल सापडली, लेखात ठिकाण छापलं, की पुढच्या हंगामात तिथे पकडणारे पोचलेले असतात, हे अनेकदा घडलं आहे. आता कल्पना करा, शंभरेक मीटरच्या घेरात आयुष्य काढणारा प्राणी, आणि त्याचा पत्ता काउंटीसकट वहीत. 'या ओढ्याकाठच्या माद्यांच्या पाठीवर जास्त केशरी' असं एकदा लिहिलंत, की तो ओढा संपला.

हौशी : म्हणून ओढा मी लिहीत नाही. काउंटी लिहितो.

शंकेखोर : आणि गिऱ्हाइकाला काय सांगता?

हौशी : काउंटीच. नाहीतर त्यानं हिवाळा कसा काढायचा?

शंकेखोर : त्याला हिवाळा सांगा. जागा कशाला? 'जमीन इतकी गोठते, इतके आठवडे झोप, उन्हाळ्यात इतकी ओल' एवढं पुरे आहे. जनावराच्या निगेला लागतं ते हवामान, आणि चोराला लागतो तो पत्ता. दोन्ही तुम्ही एकाच शब्दात देता, म्हणून तुमचा मुलूख मला खटकतो. प्रकारांची नावं सोडा, नकाशाही सोडा. फक्त हवामानाची चिठ्ठी द्या.

हौशी : ऐकायला सोपं आहे. पण विचार करा. 'डिसेंबर ते मार्च झोप, जमीन अर्ध्या फुटापर्यंत गोठते, उन्हाळा दमट, समुद्रसपाटीपासून अमुक उंची' असं मी लिहिलं आणि सोबत कासवाचा फोटो दिला, तर ज्याला ही कासवं कळतात त्याला निम्मा नकाशा मिळालाच. नवख्याला त्यातून काही कळणार नाही. तो 'पूर्वेकडचं' एवढंच लक्षात ठेवेल आणि जॉर्जियाच्या कासवाला ओहायोच्या थंडीत घालेल. म्हणजे तुमची चिठ्ठी चोराला वाचता येते, आणि ज्याच्यासाठी लिहिली त्यालाच वाचता येत नाही.

शंकेखोर : मग नवख्याला कासवच देऊ नका. त्याच्याच मुलखात जन्मलेलं, रानात परत जाऊ न शकणारं, जखमी होऊन बरं झालेलं एखादं कासव असेल तर द्या. हिवाळा त्याचा आणि कासवाचा एकच असेल, चिठ्ठीची गरजच नाही. बाकी चार मुलखांची कासवं त्यानं पुस्तकात बघावीत.

हौशी : हे मला बरंचसं पटतं. पण कित्येक राज्यांत स्वतःच्याच राज्यातलं रानटी कासव घरात ठेवणं हाच गुन्हा आहे, आणि परराज्यातलं, कागदपत्रं असलेलं ठेवलेलं चालतं. कायदा त्याला जवळचं नाकारतो आणि लांबचं देतो. आता त्या माणसाला तुम्ही काय सांगाल?

शंकेखोर : कायदा तसा का आहे, हे मला समजतं. जवळचं चालू दिलं तर रानातून उचललेलं प्रत्येक कासव 'जखमी होतं, बरं केलं' म्हणून घरात येईल. पण लांबचं चालू दिलं म्हणजे सरहद्दीपलीकडचं रान उघडं पडतं, हेही तितकंच खरं. त्या माणसाला काय सांगायचं ते मला आज तरी सुचत नाही. तुमच्या वहीत त्याच्या कासवाबद्दल काउंटी लिहायची की नाही, हे मात्र मी अजून मान्य केलेलं नाही.

हौशी : आणि मीही ती खोडलेली नाही.